शिगेनोबाईंची किळस

करुणेचे गोडवे गाणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडली नाही. शौर्याला पोवाडे मिळाले, शृंगाराला तर भाषेने आपली सारी आभूषणे उतरवून दिली. जुगुप्सेच्या वाट्याला मात्र एखादे साधे स्तोत्रही आले नाही. रसशास्त्रकारांनी तिला बीभत्साचा स्थायीभाव म्हणून पंक्तीत पान मांडून दिले, नीलवर्ण दिला, महाकालासारखी अधिदेवता दिली. पण ते पान पंक्तीच्या अगदी टोकाला, जिथे वाढपी पोचेपर्यंत भात निवून गेलेला असतो. वस्तुतः पापपुण्याचा निवाडा करायला बुद्धीला प्रमाणे लागतात, साक्षीपुरावे लागतात, आणि तेवढ्या अवधीत ती बहुधा स्वतःची सोयही पाहून घेते. पोटाला हे जमत नाही. घशाशी आलेली मळमळ खोटी साक्ष देत नाही. शिसारी हा देहाने मनाच्या आधी उच्चारलेला नकार आहे, आणि ज्याच्या ठायी तो जिवंत आहे त्याच्या हातून अनन्वित असे काही सहसा घडत नाही, असे वडीलधारे मानत आले.

‘सहसा’ हा शब्द येथे जपून वापरला आहे.

ज्याला रोज रक्तात हात घालावे लागतात त्याची जुगुप्सा सरावाने बोथट होते, आणि ती व्हावी हेच बरे, अशी आपली समजूत आहे. खाटकाला रोज उमासे येऊ लागले तर त्याने जगावे कसे? पण हामाना सरोवराच्या पश्चिम काठावरच्या एका लहानशा गावात अशा एक बाई होऊन गेल्या की ज्यांनी उभा जन्म कासवे कापली आणि उभा जन्म त्यांना त्याची किळस येत राहिली. ती घालवण्याचा त्यांनी कधी यत्न केला नाही. वाऱ्यावर धरलेल्या निरांजनाला तळहाताचा आडोसा करावा, तशी त्यांनी ती जपली. त्यांचे नाव नागुरा शिगेनो.

नागुरांचे भोजनगृह कासवांचे होते. तिथे दुसरे काही शिजतच नसे. सुप्पोन म्हणतात ते मऊ पाठीचे, लांब मानेचे, निमुळत्या नाकाचे कासव. त्याचा रस्सा, त्या रश्शात शेवटी शिजवलेला भात, आणि या सगळ्याच्या आधी, गिऱ्हाईक चटईवर टेकते न टेकते तोच, त्याच कासवाचे ताजे रक्त, तांदळाच्या मद्यात मिसळून, अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात. त्या रक्ताने पुरुषाचे तारुण्य परत येते अशी श्रद्धा. सरोवरावरून जाणारी वेगवान आगगाडी सुरू झाल्यापासून नागोयाचे, ओसाकाचे साहेबलोक येऊ लागले. गळपट्ट्या सैल करायच्या, डोळे मिटून पेला घशात ओतायचा आणि मग एकमेकांच्या मांडीवर थापा मारायच्या.

“आज वहिनींची काही खैर नाही, साहेब!”

“वहिनींची? अहो, घरी जातंय कोण!”

शिगेनोबाई हसत. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणे हा धंद्याचा धर्मच होता. हसून झाले की आत जाऊन चूळ भरत. साहेबांच्या दातांच्या फटींत राहिलेली लाल रेघ डोळ्यांपुढून हलत नसे. स्वतः त्यांनी त्या रक्ताचा थेंबही कधी पोटात जाऊ दिला नव्हता. नव्या नवरीपणी सासूने पेला पुढे केला तेव्हा त्या अंगणात धावत जाऊन ओकल्या होत्या, आणि सासू म्हणाली होती, “अगं बाई, ही कसली कासवाच्या घरची सून! हिला मुळ्याच्या शेतात द्यायला हवी होती.”

पती वारले तेव्हा त्यांची एकुलती मुलगी त्सुया शाळेत जात होती. सुरी कोणी धरायची, हा प्रश्न उभा राहिला. बाईमाणसाने ती सुरी धरण्याची रीत नव्हती. बाईच्या हाताच्या उबेने मांस बिघडते, असे आचारी उघड बोलत. व्यापारी विधवेच्या दारात मरतुकडी जनावरे आणून टाकू लागले. पाठीशी उभे राहिले ते एकटे तोरिगोए आजोबा. सरोवराकाठी त्यांची कासवे पोसण्याची तळी होती. ते निवडक कासवे स्वतः घेऊन येत आणि म्हणत, “तू काप गं. बिघडलं तर माझंच जनावर वाईट होतं, असं सांगीन मी लोकांना.” हा उपकार शिगेनोबाईंनी मस्तकी धरला. असे उपकार फिटत नाहीत. देवाच्या पालखीसारखे ते खांद्यावर घेऊन चालायचे असते.

कासव उताणे टाकायचे. उलटण्याच्या धडपडीत ते मान लांबच लांब बाहेर काढते आणि नाकाने फळी रेटते. तीच वेळ. त्या क्षणी दर खेपेला शिगेनोबाईंचे ओठ घट्ट मिटत, पोटातून एक कढ वर येई, तो गिळला की हात चाले. एकदा कोणा आचाऱ्याने विचारले, “मालकीणबाई, इतकी वर्षं झाली, अजून तोंड वाकडं?”

“ज्या दिवशी होणार नाही त्या दिवशी सुरी खाली ठेवीन,” त्या म्हणाल्या. “मग ते मारणं आहे हेच मला कळायचं नाही.”

आणखी एक दंडक त्यांनी घातला होता. जे कापले ते शिजलेच पाहिजे आणि कोणाच्या तरी पोटात गेलेच पाहिजे. उगाच जीव जायचा नाही.

ओसाकाला जगभरच्या देशांचे ते मोठे प्रदर्शन भरले त्याच्या पुढल्या वर्षीची गोष्ट. शिगेनोबाईंचे गुडघे दुखू लागले होते. घरात मुलगा नाही. तातेओ नावाचा तिशीतला आचारी बरीच वर्षे हाताखाली होता. त्याचे आणि त्सुयाचे जमले होते. त्याने घरजावई व्हायचे, नागुरा हे आडनाव घ्यायचे, आणि शरदात सरोवराकाठच्या शिळेपुढे कासवांचे श्राद्ध होते त्या दिवशी मठाच्या महाराजांसमक्ष सुरी त्याच्या हाती द्यायची, असे सर्वांनी धरून चालले होते. शिगेनोबाईंनी मात्र शब्द दिला नव्हता. तातेओचा हात उत्तम होता; पण कापताना त्याचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा असे. याला काही वाटते की नाही? जे त्यांच्या मते सुरीहून आधी हाती यायला हवे, ते याच्यापाशी आहे का? त्या रोज चोरून त्याच्याकडे पाहत आणि काही कळत नसे.

“आई,” त्सुया वैतागून म्हणे, “तुला जावई हवाय की उलट्या करणारा माणूस?”

“दोन्ही एकात मिळाले तर बरं.”

त्याच उन्हाळ्याच्या तोंडी तोरिगोए आजोबा आपल्या पुतण्याला घेऊन आले. मिनासे नावाचा हा तरुण तोक्योत कलाशाळेत शिकलेला, मानेवर रुळणारे केस, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहण्याची विचित्र खोड. त्याला नागुरांच्या स्वयंपाकघरात एक लहानशी फिल्म काढायची होती. रक्तपिशाचाची.

“म्हणजे ते परदेशी? काळ्या झग्यावालं?” आजोबांनी विचारले.

“झगा नाही, काका.”

“मग सुळे तरी?”

“सुळेही नाहीत. नुसती तोंडं. पेला ओठाला लागतो, माणूस पितो, बस्स. गोष्ट नाही, बोलणं नाही, संगीत नाही.”

“मग लोक तिकीट कशाचं काढणार रे?”

“तिकीटच नाही.”

“चला! निदान कोणी फसलो म्हणून ओरडणार तरी नाही. आणि पिशाच कुठाय त्यात?”

“शेवटी दिसेल,” मिनासे म्हणाला.

शिगेनोबाईंच्या पोटाने तत्काळ ‘नको’ म्हटले. पण पुतण्याच्या मागे आजोबा बसले होते, हातात बाईंनीच ओतून दिलेला चहा. जीभ वळेना. त्या एवढेच म्हणाल्या, “हरकत नाही. फक्त जे कापलं जाईल ते खाल्लं गेलं पाहिजे. दाखवायचं म्हणून कोणी मरायचं नाही इथे.” मिनासे इतका वाकला की त्याचे केस चटईला लागले.

ठरल्या दिवशी गिऱ्हाइकांना भोजनगृह बंद ठेवले. पावसाळी उकाडा, अंगाला कापड चिकटत होते. उजेडासाठी सगळी सरकती दारे उघडल्याने माश्या आत आल्या होत्या. मिनासेबरोबर पांढरा किमोनो नेसलेली एक अबोल मुलगी होती. पिणार होती ती एकटीच. पण पुतण्याचे कौतुक म्हणून आजोबांनी मठाच्या महाराजांना आणि पियानोच्या कारखान्यातल्या एका विभागप्रमुखांना जेवायला बोलावून ठेवले होते, आणि पाहुणे आले म्हटल्यावर त्यांच्यापुढे पेले मांडणे ओघानेच आले.

तातेओने पहिले कासव कापले. कॅमेरा घरघरला. मुलीने पेला ओठाला लावला, घोट गिळला, ओठाच्या कोपऱ्यात आलेला थेंब जिभेने टिपला. मिनासे म्हणाला, “सुंदर. अगदी सुंदर.” आणि त्याने कॅमेरा खाली घेतला.

तातेओने टबातून दुसरे कासव उचलले. मिनासेने ते पाहिले आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. दुसऱ्याचे रक्त पाहुण्यांच्या पेल्यांत गेले. कॅमेरा चालूच आहे असे पाहून तातेओने तिसऱ्याला हात घातला.

तिकडची रीत अशी की स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. आणि शेजाऱ्याने भरलेला रिकामा करायचा. विभागप्रमुखांनी महाराजांपुढे पेला धरला.

“अहो, मी व्रतस्थ माणूस…”

“तुमच्यासाठी ओतलंय हो, महाराज.”

“ओतलंच आहे होय? मग टाकणं काही बरं दिसत नाही.” महाराजांनी पेला रिकामा केला आणि तत्परतेने विभागप्रमुखांचा भरला.

“महाराज घेतात म्हटल्यावर मी कोण मागे राहणारा!”

“घे गं पोरी, तूही घे,” आजोबा त्या मुलीला म्हणाले. “तोक्योत असलं ताजं मिळायचं नाही.”

चौथे, पाचवे. कॅमेरा एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर फिरत होता. मिसळायला आणलेले मद्य संपले, तेव्हा तातेओने नुसतेच रक्त पेल्यांत धरले. उकाड्याने ते लगेच साकळू लागे. दुधावर साय धरावी तशी त्यावर गडद कातडी धरे, आणि ती ओठांना चिकटून तोंडात ओढली जाई. महाराजांच्या हनुवटीवरून एक धार गळपट्टीत उतरली. विभागप्रमुखांच्या मिशांचे केस एकमेकांना चिकटले. त्या पांढऱ्या किमोनोतल्या मुलीचे ओठ आता पिताना उघडत नव्हते, पेल्याच्या काठाने उघडले जात होते. प्रत्येक जण हसत होता, आणि प्रत्येक हसण्यात गाभुळलेल्या चिंचेच्या रंगाचे दात दिसत होते. फळीवर कापलेली डोकी ओळीने पडली होती. त्यांतले एखादे अजून जबडा उघडत आणि मिटत होते.

शिगेनोबाई दाराच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. पोटातला कढ पुनःपुन्हा घशाशी येत होता आणि त्या तो गिळत होत्या. ‘पुरे’ हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. पण घरच्या मालकिणीने पाहुण्याला पुरे म्हणायचे म्हणजे त्याच्या तोंडातला घास काढून घ्यायचा, आणि पाहुणा तोरिगोए आजोबांचा. कॅमेऱ्याचे भोक एक-दोनदा आपल्याकडे वळल्यासारखे त्यांना वाटले. त्यांचे लक्ष नव्हते. त्या टबाकडे पाहत होत्या. तो रिकामा झाला, तेव्हाच सगळे थांबले.

आणि मग त्यांचीच अट सगळ्यांच्या उरावर बसली. कापले ते खायचे. दुपारभर भांडी उकळत राहिली. पाठीच्या कडेची बुळबुळीत झालर, पायांची कातडी, अंडी, सगळे वाढले गेले आणि सगळे खाल्ले गेले. कोणी पान सोडून उठेना. विभागप्रमुख मध्येच अंगणात गेले, निळ्या फुलांच्या झुडपाआड भडाभडा ओकले, रुमालाने तोंड टिपून परत आले आणि म्हणाले, “बाहेर हवा काय छान सुटली आहे!” मग त्यांनी वाडगा पुढे केला.

उन्हाळा संपता संपता मिनासे ती फिल्म घेऊन आला आणि एका दुपारी गावच्या सभागृहात खिडक्यांना काळा कागद लावून ती दाखवली गेली. चहा होता, लाल वालाचे सारण भरलेल्या वड्या होत्या, म्हातारी माणसे उशा घेऊन पुढे बसली होती. शीर्षकाच्या जागी नुसता काळा चौकोन आला. मग ओठ. भिंतभर ओठ. चेहरा नाही, डोळे नाहीत. फिल्म कृष्णधवल होती. त्यामुळे रक्त काळे दिसत होते, आणि काळे दिसल्यामुळे ते रक्ताहून वाईट असे काहीतरी वाटत होते. ओठ मिटत, उघडत, चोखत. गोगलगाईच्या पोटासारखे काठावरून सरकत. महाराजांचे ओठ त्यांच्या तिळावरून ओळखू आले तेव्हा थोडा हशा पिकला. मग तोही थांबला. ओठांमागून ओठ येत राहिले, आणि माणसांनी हातातल्या वड्या हळूच कागदात गुंडाळून ठेवल्या.

शेवटी एक चेहरा आला. साऱ्या फिल्ममधला एकच. खांबाला टेकलेला, वयस्क बाईचा चेहरा. ओठ घट्ट दाबलेले, नाकपुड्या फुललेल्या, डोळे खाली कशावर तरी खिळलेले. गळ्याची घाटी हलली. चेहरा थांबून राहिला. घाटी पुन्हा हलली. काहीतरी गिळले जात होते, आणि ते पुनःपुन्हा हवे असल्यासारखे पुन्हा गिळले जात होते. तो चेहरा तसाच असता असता पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. शेजारची वृद्ध सुईण वळून म्हणाली, “शिगेनोबाई, काय काम केलंत हो! तहान नुसती टपकत होती तोंडावर. मला वाटलं, आता चाटणार ओठ!”

“ती तहान नव्हती.”

“असं कसं? सगळ्या गावानं पाहिली की.”

बाहेर, चपलांच्या फळीपाशी, मिनासे मिठाईचा डबा पुढे करून वाकला. “तुमचा चेहरा विचारल्यावाचून घेतला. फार मोठा अपराध झाला.”

“का घेतलात?”

“त्या खोलीत दुसरीकडे बघवत नव्हतं मला. तुम्हाला किळस आली होती, ती दिसत होती. म्हणून कॅमेरा तिकडे धरला. फिल्म जोडताना तो चेहरा शेवटी जाऊन बसला. का, ते मलाही सांगता येत नाही.”

“बघवत नव्हतं? मग थांबला का नाहीत?”

मिनासेने मान खाली घातली. “मला एकच पेला हवा होता, मालकीणबाई. पहिला. पण यांनी लगेच दुसरं कापलं. माझ्यासाठी कापलेलं, ते मी नको कसं म्हणणार?”

मागे उभा असलेला तातेओ दचकला. “पण तुम्ही कॅमेरा उचललात! मला वाटलं, अजून हवंय.”

“तुम्ही कासव उचललंत म्हणून मी कॅमेरा उचलला.”

“म्हणजे चूक माझीच झाली. क्षमा करा.”

“छे, छे! माझीच. मी बोलायला हवं होतं.”

“मी विचारायला हवं होतं.”

ते दोघे एकमेकांपुढे वाकत राहिले. एक सरळ झाला की दुसरा वाके, आणि तो वाकलेला पाहून पहिल्याला पुन्हा वाकावे लागे. शिगेनोबाईंना रक्ताच्या पेल्याने जेवढे ढवळले नव्हते तेवढे ते वाकणे पाहून ढवळले.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्यांनी तातेओला समोर बसवले.

“खरं सांग. त्या दिवशी तुला किळस आली?”

“आली, मालकीणबाई.”

“कधी?”

“दुसऱ्यालाच. मग प्रत्येकाला. तशी ती मला रोजच येते.” त्याने हात मांडीवर दाबून धरले. “तोंडावर दाखवू नये, म्हणून दाखवत नाही.”

इतकी वर्षे ज्या उत्तराची वाट पाहिली ते असे हाती आले, आणि त्याचा काडीचाही उपयोग राहिला नव्हता.

“मग थांबला का नाहीस रे?”

“पाहुणे थांबेनात. आणि…” तो अडखळला. “तुम्ही उभ्या होतात ना. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मला वाटलं, चालू दे असंच तुमच्या मनात आहे.”

शिगेनोबाईंनी त्याला जायला सांगितले. मोठ्या भांड्याखालचा विस्तव केव्हाच विझला होता आणि रश्शावर चरबीची पिवळी कवडी धरली होती. त्या तिच्याकडे बघत बसून राहिल्या. पडद्यावरच्या त्या चेहऱ्याला तहान नव्हती, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक होते? पण खरोखर तहानलेली बाई त्या खांबाशी उभी असती, तर तिने याहून निराळे काय केले असते? तीही पाहत राहिली असती. तीही गिळत राहिली असती. टब रिकामा होईपर्यंत तीही एक अक्षर बोलली नसती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला सांगितले की भोजनगृह बंद.

“आता काय झालं?” त्सुया ओरडलीच. “तुझ्या परीक्षेत तो पास झाला ना! येते म्हणतोय ना किळस!”

“मलाही येत होती गं.”

“मग?”

“मग काही नाही. टब रिकामा झाला.”

“आई, तुझ्या मनाच्या समाधानासाठी आम्ही काय दगड उकळून खायचे?”

“लग्न करा. नाव घ्या नागुरांचं. तो चांगला माणूस आहे. सुरी मात्र नाही मिळायची.”

“आणि लोकांना काय सांगू मी?”

“सांग, म्हातारीला रक्ताची चटक लागली म्हणून सुरी काढून घेतली. लगेच पटेल सगळ्यांना.”

त्सुयाला हसू आले, आणि ते आले म्हणून ती अधिकच रडली.

तोरिगोए आजोबा टबात नव्याने सोडलेली कासवे परत न्यायला आले. “सरोवरात सोडून देऊ का यांना?” त्यांनी विचारले. “तेवढंच पुण्य लागेल तुला.”

“कशाला? पुढच्या आठवड्यात तुमच्याच जाळ्यात येतील.”

आजोबा हसले. मग टोपलीवर हात ठेवून, आवाज खाली आणून ते म्हणाले, “बरं, बंद करतेस तर कर. पण शेवटचं एक कापून घाल की मला. तुझ्या हातचं. इतक्या वर्षांचा माझा हक्क आहे तो.”

हक्क होता, यात संशय नव्हता. त्या माणसाच्या एका शब्दाखातर त्यांनी एक दिवस तोंड शिवून घेतले होते. शिगेनोबाई दोन्ही हात चटईवर टेकवून खाली वाकल्या, कपाळ हातांना लागेपर्यंत, आणि तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या, “नाही, आजोबा.”

“काय म्हणालीस?”

“नाही कापणार.”

म्हाताऱ्याने टोपली उचलली आणि निरोपही न घेता तो गेला. तो पुन्हा कधी त्या उंबऱ्यावर आला नाही. रस्त्यात भेटला तर नजर सरोवराकडे वळवी. गावाने शिगेनोबाईंना कृतघ्न ठरवले, आणि उपकारकर्त्याला विन्मुख धाडणाऱ्या बाईविषयी वाटावी तशी घृणा त्यांच्याविषयी बाळगली. त्यांनी ती निमूटपणे सोसली. तिच्यात त्यांना काही खोटे दिसले नाही.

त्सुया आणि तातेओ यांनी लग्न करून तोयोहाशीला शेवयांचे दुकान घातले आणि ते बऱ्यापैकी चालले. शिगेनोबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या नाहीत. त्या भाजीपाला आणि सोयाबीनचे पनीर खाऊन पुष्कळ वर्षे जगल्या, आणि एका हिवाळ्यात, दुपारच्या वेळी, गेल्या. घर पुढे पाडले गेले. तिथे आता मोटारी उभ्या करतात. मिनासेची ती फिल्म तोक्योतल्या एका संग्रहात आहे आणि कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना अधूनमधून दाखवली जाते. शिगेनोबाईंचा चेहरा आज तेवढ्या एका जागी उरला आहे. त्याच्याखाली त्यांचे नाव नाही, ‘रक्तपिशाच’ असे लिहिलेले आहे.